कंचेभागुबेव : एका जुन्या शब्दाचा हिशेब



मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना एक विचित्र शब्द जन्मभर आठवतो : कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. शाळा सुटते, गाव सुटते, हा शब्द सुटत नाही. १७४२ च्या सुमारास नारो शंकर पेशव्यांचे सुभेदार म्हणून झाशीस गेले. त्या शहरात मराठी घरांची वस्ती तेव्हापासूनची. आज तेथील प्रेमनगरातल्या एखाद्या मराठी घरात आई कंचेभागुबेव म्हणते आणि मूल शाळेतून ‘कोष्ठक, का, भाग, गुणा, जोड़, घटाना’ घोकत येते. भाषा दोन, क्रम तोच. आणि त्या क्रमातील एक खड्डाही दोन्ही भाषांत तोच आहे.

१२ − ५ + ३ हे उदाहरण घ्यावे. मूल आज्ञाधारक असेल, तर ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर म्हणून प्रथम ५ आणि ३ यांची बेरीज ८ करते, ती १२ मधून वजा करते आणि ४ लिहिते. वहीवर लाल फुली पडते. ज्याने सूत्र तंतोतंत पाळले त्यालाच शिक्षा झाली, असे हे दृश्य आहे. आणि गणित आपल्याला जमत नाही, ही समजूत अशाच फुल्यांतून मुळे धरते. आता तेच उदाहरण टेम्पोत बसवावे. प्रेमनगरहून निघालेल्या टेम्पोत १२ प्रवासी होते, ५ उतरले, ३ चढले. आत १० आहेत, हे पहिलीतले मूलही सांगेल. बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखाच. डावीकडून उजवीकडे जी क्रिया आधी येईल ती आधी करावयाची. भागाकार-गुणाकाराचेही तसेच.

येथे एक मौज आहे, जी फारशी कोणी सांगत नाही. ‘भागु’ हा तुकडा शब्दशः पाळला, तरी उत्तर कधीच चुकत नाही. ५ × ६ ÷ ४ मध्ये आधी ६ ला ४ ने भागले, तरी ५ × १.५ म्हणजे ७.५ येतात, डावीकडून गेले तरी ३० ÷ ४ म्हणजे ७.५ च. घात होतो तो केवळ ‘बेव’ने. उलट हा शब्द ‘कंचेभागुवबे’ असा रूढ झाला असता, तर तो शब्दशः पाळूनही कोणाचे उत्तर चुकले नसते. मात्र १२ + ३ − ५ मध्ये ३ मधून ५ वजा करण्याची पाळी आली असती, आणि लहान मुलांना ऋण संख्यांशी तेव्हा ओळख नसते. उच्चारालाही तो शब्द जड गेला असता, हे वेगळे.

गुणाकाराला बेरजेपेक्षा अग्रमान का, याचे उत्तर बाजाराच्या पिशवीत आहे. ५० रुपयांची एक कंपासपेटी आणि ४० रुपयांच्या ३ वह्या : ५० + ३ × ४०. तीन वह्यांचे १२० रुपये ही एक बांधलेली जुडी. ती सुटी करून ५० मध्ये ३ मिसळता येत नाहीत, कारण ५० हे रुपये आहेत आणि ३ या वह्या. बिल १७० रुपयांचे. दुकानातील साध्या कॅल्क्युलेटरवर हीच बटणे ओळीने दाबली, तर तो दिसेल तसे करीत जातो आणि २,१२० दाखवितो. शास्त्रीय कॅल्क्युलेटर १७० देतो. हा प्रयोग घरी अवश्य करून पाहावा.

‘चे’ हा तर शुद्ध षष्ठीचा प्रत्यय. २४ ÷ ६ चे १/२ याचा अर्थ चोवीसला सहाच्या निम्म्याने भागा : उत्तर ८. ‘चे’ऐवजी गुणिलेचे चिन्ह घातले, तर उत्तर २. षष्ठी दोन नामांना जशी घट्ट जोडते, तशीच ती दोन संख्यांनाही जोडते. हा क्रम निसर्गाचा नियम नव्हे. ते लिपीचे व्याकरण आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त उदाहरणे शब्दांत सांगितलेली असल्यामुळे कोणती क्रिया आधी हे वाक्यच सांगते. त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. त्या मठातील विद्यार्थ्यांना कंचेभागुबेव पाठ करावे लागले नसावे. चिन्हांची आडवी मांडणी आली, तशी ती वाचण्याची रीतही ठरवावी लागली. ती ठरविण्यात इतका वेळ गेला, की गुणाकार-भागाकार यांच्या आपसातील क्रमाबद्दल ग्रंथकारांत एकमत नसल्याची नोंद फ्लोरियन कॅजोरी यांना १९२८ सालीही करावी लागली.

समाजमाध्यमांवर ६ ÷ २(१ + २) हे कोडे वारंवार फिरते. कोणी ९ म्हणतो, कोणी १. कॅल्क्युलेटरही एकमताने बोलत नाहीत. कंसाला चिकटलेला २ कंसाबरोबर आधी घ्यावा की नाही, एवढाच तो वाद आहे. अशा उदाहरणावरून घरात भांडण जुंपले, तर मुलाची परीक्षा घेऊ नये. ज्याने ते लिहिले त्याला आणखी एक कंस घालावयास सांगावे.