विद्यार्थी आणि प्राप्तिकराचें विवरणपत्र

प्राप्तिकर हा धनिकांचा विषय. विद्यार्थ्याचा त्याच्याशीं संबंध काय, असा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत विचारला जातो. ज्या घरचा संसार कापूस व तूर यांवर चालतो, तेथें हा प्रश्न साहजिकच आहे. कारण शेतीचें उत्पन्न प्राप्तिकरांतून मुक्त आहे. तथापि पित्याच्या शेतीची ही सूट मुलाच्या मानधनास लागू पडत नाहीं.

श्रोत्यांनीं एक साधें उदाहरण ध्यानांत घ्यावें. समजा, राळेगांवकडील एक विद्यार्थी यवतमाळास महाविद्यालयांत शिकतो आणि सायंकाळीं एका खासगी शिकवणी-वर्गांत गणित शिकवून दरमहा ६,००० रुपये मिळवितो. वर्षाचे ७२,००० झाले. वर्गाचा चालक त्यांतून शेंकडा १० प्रमाणें कर कापून सरकारांत भरतो. मुलाच्या हातीं ६४,८०० रुपये पडतात. उरलेले ७,२०० बुडाले, असें समजून तो स्वस्थ बसतो.

वस्तुतः ते बुडालेले नसतात. २०२५-२६ या वर्षासाठीं नव्या करपद्धतींत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर करच ठेवलेला नाहीं. अर्थात् कापलेली सर्व रक्कम त्याचीच. परंतु ती आपण होऊन परत येत नाहीं. विवरणपत्र भरून मागावी लागते. ज्या घरांत खाणावळीचे पैसे कापूस विकल्यावर येतात, तेथें ७,२०० रुपये ही लहान रक्कम नव्हे.

मागण्याची रीत कठीण नाहीं. प्रथम कापलेला कर आपल्या पॅन क्रमांकावर जमा आहे कीं नाहीं, हें प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहावें. नंतर मुदतींत विवरणपत्र भरून ३० दिवसांच्या आंत त्याची पडताळणी करावी. ती राहिली तर सारा खटाटोप व्यर्थ जातो. शिक्षणासाठीं मिळालेली शिष्यवृत्ति करमुक्त आहे, हेंही लक्षांत ठेवावें.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. अधिक परतावा मिळवून देतों, असें सांगून खोट्या वजावटी लिहिणारे मध्यस्थ भेटतात. दंडाचा प्रसंग आला तर तो ज्याच्या नांवाचें विवरणपत्र त्यालाच भोगावा लागतो, मध्यस्थाला नव्हे.

१८६० सालीं जेम्स विल्सन यांनीं हा कर हिंदुस्थानांत आणला, तेव्हां त्याच्या विनियोगाविषयीं विचारण्याचा अधिकार प्रजेला नव्हता. आज तो आहे. जो विद्यार्थी आपल्या ७,२०० रुपयांचा हिशेब चोख मागतो, तोच पुढें सरकारच्या हिशेबाकडेही डोळसपणें पाहूं शकेल.