विजेचा माग : मोटारसायकल सुरू होत नाही तेव्हा



महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मोटारसायकल ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. ग्रामसेवक, शिक्षक, आरोग्यसेवक, पशुवैद्यक आणि संकलन केंद्रावर दूध पोहोचविणारा शेतकरी या सर्वांचा दिवस तिच्या चाकांवर उभा असतो. एस.टी.ची गाडी जेथे थांबते, तेथून पुढच्या वाडीवस्तीपर्यंत शासनाची योजना बहुधा दुचाकीवरूनच जाते. म्हणून एखाद्या सकाळी ती सुरू झाली नाही, तर केवळ एक मनुष्य अडत नाही. त्याच्यावर विसंबलेले कामही अडते.

कोकणातील ऐन पावसाळ्यातील एक सकाळ डोळ्यांपुढे आणावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातून लशींची शीतपेटी घेऊन एक तरुण उपकेंद्राकडे निघाला आहे. लशी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिल्या पाहिजेत आणि पेटीतील बर्फाला काळाची मर्यादा आहे. तिकडे माता बालकांना घेऊन बसल्या आहेत. तरुण बटण दाबतो. ‘टक्’ असा एकच आवाज होतो आणि पुढे काही नाही. इंडिकेटर मात्र लागतो, हॉर्नही वाजतो. भोवती जमलेल्यांपैकी एकजण म्हणतो, बॅटरी गेली; दुसरा प्लगवर बोट ठेवतो; तिसरा गाडी ढकलण्यास सांगतो. अशा प्रसंगी पुष्कळदा नवी बॅटरी विकत घेतली जाते आणि आठ दिवसांनी तीच तक्रार पुन्हा उभी राहते. कारण दोष बॅटरीत नव्हताच. तो शोधण्याऐवजी त्याचा तर्क करण्यात आला होता.

विजेचा दोष अदृश्य असतो. पण तो बेशिस्त नसतो. विजेची वाट ठरलेली आहे. त्या वाटेने क्रमाक्रमाने गेल्यास दोष कोठे आहे, हे तिच्याकडूनच कळते.

विजेची वाट

बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेला प्रवाह फ्यूजमधून किल्लीच्या स्विचकडे जातो. तेथून तो इंजीन बंद करण्याच्या स्विचमार्गे प्रज्वलनाच्या यंत्रणेत पोहोचतो. कॉइलमध्ये त्याचा दाब हजारो व्होल्टपर्यंत वाढतो आणि प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी पडते. स्टार्टरची वाट वेगळी आहे. बटण दाबले की रिले मिटतो आणि जाड तारेतून मोठा प्रवाह मोटरकडे धावतो. दोन्ही वाटांचा परतीचा मार्ग मात्र एकच असतो. तो म्हणजे गाडीचा धातूचा सांगाडा आणि तेथून बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली तार. कारागीर यालाच ‘अर्थ’ म्हणतात. जाण्याच्या वाटेची तपासणी सारेच करतात. परतीच्या वाटेचा बहुधा विसर पडतो.

गाड्यांमधील फरकही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. किक मारून सुरू होणाऱ्या अनेक जुन्या गाड्यांत ठिणगीसाठी लागणारी वीज चुंबकी चाकाजवळील कॉइलमधूनच मिळते. म्हणून बॅटरी पूर्ण उतरली तरी अशा गाड्या किकने सुरू होतात. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ हे प्रदूषणविषयक मानक देशभर लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींत इंधन फवारणीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. तिचा पंप आणि नियंत्रक दोन्ही विजेवर चालतात. यास्तव बॅटरी पार उतरली असल्यास अशी गाडी ढकलून सुरू होईलच, असा भरवसा धरता येत नाही.

लक्षणे काय सांगतात

प्रथम बिनखर्चाच्या गोष्टी पाहाव्यात. हँडलवरील लाल स्विच बंद तर नाही ना, गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, बाजूचा स्टँड वर घेतला आहे ना आणि क्लच दाबला आहे ना, याची खात्री करावी. यांपैकी एखादी अट पुरी न झाल्यास अनेक गाड्या सुरूच होत नाहीत.

नंतर किल्ली फिरवावी. एकही दिवा लागला नाही, तर प्रथम फ्यूज, बॅटरी व तिची टोके आणि किल्लीचा स्विच येथे शोध घ्यावा. दिवे लागतात, पण बटण दाबताच मंदावतात आणि रिले ‘टकटक’ करीत राहतो, असे झाल्यास बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टोके सैल झाली आहेत, असे समजावे. स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजीन पकडत नाही, तेव्हा बॅटरीला दोष देणे व्यर्थ होय. शोध ठिणगीकडे आणि पेट्रोलकडे वळवावा. चालती गाडी हँडल वळविताच बंद पडत असेल, तर हँडलाच्या मानेजवळ वारंवार वाकणाऱ्या तारा पाहाव्यात. तेथे वरचे आवरण शाबूत राहून आतील तांबे तुटलेले असू शकते.

मापनाचे महत्त्व

काही शे रुपयांत मिळणारा मल्टिमीटर येथे मोठा उपयोगी पडतो. काही तास विसावलेल्या, पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ ते १२.८ व्होल्ट असतो. तो १२ च्या खाली गेला असल्यास बॅटरी जवळजवळ रिकामी आहे. स्टार्टर फिरत असताना दाब ९.५ ते १० व्होल्टच्या खाली जाऊ नये. इंजीन सुरू होऊन थोडे वेगात चालू असता बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. दाब वाढतच नसेल, तर बॅटरी भरणारी यंत्रणा सदोष आहे आणि नवी बॅटरीही लवकरच उतरेल. तो १५ च्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बिघडला आहे.

तरुणाच्या गाडीचे कोडे मात्र माध्यमिक शाळेत शिकविल्या जाणाऱ्या ओहमच्या नियमाने उलगडते. दिवा लागतो, मग स्टार्टर का फिरत नाही? अर्थच्या सांध्यावर गंज चढून तेथे केवळ ०.१ ओहम रोध निर्माण झाला आहे, असे धरावे. १० वॅटच्या इंडिकेटरला एक अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो. त्या सांध्यावर त्याचा व्होल्टचा दहावा हिस्साही खर्च होत नाही आणि दिवा नेहमीसारखा उजळतो. पण स्टार्टरला ५० अँपिअर हवे असतील, तर ५ व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडावे लागतील. तेवढा प्रवाह मोटरला मिळणारच नाही. म्हणून दिवा लागतो यावरून वाट निर्दोष आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

हा दोष पकडण्याची रीत सोपी आहे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर ठेवून स्टार्टरचे बटण दाबावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसल्यास परतीच्या वाटेत अडथळा आहे. मीटर नसेल, तर दोन-तीनदा बटण दाबून सांधे हाताने चाचपावेत. सदोष सांधा पुष्कळदा कोमट लागतो.

काय करू नये

फ्यूज जळाल्यावर त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा साधी तार गुंडाळण्याची प्रथा घातक आहे. जळालेला फ्यूज तारांना वाचवून गेलेला असतो. त्याची वाट बुजविल्यास पुढच्या वेळी ताराच पेटतात. फ्यूज तेवढ्याच क्षमतेचा घालावा आणि तोही पुन्हा जळाल्यास तार कोठे घासली किंवा उंदराने कुरतडली, हे शोधावे. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडावे आणि बसविताना ते शेवटी जोडावे. भरत असलेल्या बॅटरीजवळ ज्वाला नेऊ नये, कारण तेथे हायड्रोजन वायू निघतो. पाणी घालण्याच्या बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. ठिणगी पाहण्यासाठी प्लगची तार हातात धरू नये. प्लगचा धातू इंजिनाला घट्ट टेकवून आणि आसपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करूनच ती पाहावी.

कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवर खारी, दमट हवा असल्याने सांध्यांवर गंज आणि तांब्यावर हिरवट थर लवकर चढतो. तेथे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर टोके खरवडून, घट्ट करून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. पाण्याचा जोरदार फवारा तारांच्या जोडांवर मारू नये.

त्या सकाळी तरुणाने सीट काढली, सांगाड्याला जोडलेल्या ऋण तारेचा बोल्ट सोडला, तपकिरी गंज खरवडला आणि बोल्ट पुन्हा आवळला. दहा मिनिटांत गाडी सुरू झाली आणि शीतपेटी वेळेवर पोहोचली. एक पैसाही खर्च झाला नाही.

गावोगावी हे ज्ञान पोहोचविणे अवघड नाही. शिक्षकांनी ओहमचा नियम शिकविताना शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या मोटारसायकलीवर मीटर लावून दाखवावा. पंचायतीने कार्यालयात एक मल्टिमीटर व तपासणीचा क्रम लिहिलेला तक्ता ठेवावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून आलेल्या गावातील तरुणाला वर्षातून एकदा त्याचे प्रात्यक्षिक करण्यास बोलवावे. विज्ञान पुस्तकातून निघून वाटेवर अडलेल्या माणसाच्या हाती येते, तेव्हाच ते त्याचे होते.