शर्यतीचा कॅम आणि रस्त्यावरची गाडी

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या एका स्नेह्याजवळ एम. जी. बी. ही जुनी, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स मोटार आहे. १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डनच्या कारखान्यात ह्या गाड्या तयार होत. बारमाही पावसाच्या देशात उघडी गाडी बाळगण्यात शहाणपण किती, हा प्रश्न त्याला विचारण्यात अर्थ नाही. त्याने मला पत्र लिहून विचारले ते निराळेच: इंजिनाची पुरी दुरुस्ती निघाली आहे, तेव्हा त्याच खर्चात अधिक जोमाचा कॅमशाफ्ट बसवावा काय, आणि बसवला तर कोणता? मी उलट टपालाने उत्तर दिले, आणि ते उत्तर चुकले. कसे चुकले, तेच आज सांगणार आहे.

कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला एक पोलादी किंवा बिडाचा दांडा. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत तो एकदा फिरतो, आणि त्याच्यावरचे उंचवटे झडपा उघडतात. झडप केव्हा उघडावी, किती उचलली जावी आणि केव्हा मिटावी, हे सारे त्या उंचवट्याच्या घडणीत कोरलेले असते. एकदा दांडा घासून तयार झाला की इंजिनाचा स्वभाव ठरला.

ह्या गाडीचे इंजिन १७९८ घनसेंटिमीटरचे. आपल्या देशात २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अँबॅसडरमध्ये पुष्कळ वर्षे जे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन होते, ते ह्याचेच धाकटे भावंड. एम. जी. बी.च्या मूळ कॅमवर आत घेणारी झडप दट्ट्या माथ्यावर पोचण्यापूर्वी १६ अंश उघडते आणि तो तळ सोडून ५६ अंश वर आल्यावर मिटते. म्हणजे झडप एकूण २५२ अंश उघडी. आता दट्ट्या वर चढू लागल्यावरही झडप उघडी का ठेवायची? कारण वाहत्या वायूला वेग असतो. दर मिनिटाला ५४०० फेरे होत असताना ह्या २५२ अंशांना सेकंदाच्या एक हजारांशाचे जेमतेम आठ भाग एवढाच अवधी मिळतो. धावत आलेले मिश्रण दट्ट्या उलटला तरी आपल्याच रेट्याने आत शिरत राहते. तीच झडप ८०० फेऱ्यांना पावणेसात पट अधिक वेळ उघडी असते. तेव्हा रेटा नसतो, आणि वर येणारा दट्ट्या आत आलेले थोडे मिश्रण पुन्हा बाहेर ढकलतो. सगळी गोम ह्या एका गोष्टीत आहे. झडप उशिरा मिटवावी तर उंच वेगाला फायदा आणि मंद वेगाला तोटा. लवकर मिटवावी तर नेमके उलट.

जाहिरातीतील अश्वशक्तीचा आकडा माणसाला येथेच भुलवतो. अश्वशक्ती हा पीळ आणि फेरे यांचा गुणाकार असतो. ह्या इंजिनाचा सर्वांत मोठा पीळ ३००० फेऱ्यांना ११० फूट-पौंड असे, आणि अश्वशक्ती ५४०० फेऱ्यांना ९५. हिशेब केला तर ५४०० ला पीळ सुमारे ९२ वर उतरलेला दिसतो. शर्यतीचा कॅम ही घसरण थोपवतो. म्हणून आकडा फुगतो. पण तो पीळ खालच्या फेऱ्यांतून काढून वर नेलेला असतो, हे जाहिरात सांगत नाही.

मी स्नेह्याला जवळजवळ ३०० अंशांचा कॅम सुचवला होता. त्याने तो बसवला. ह्या गाडीला वरच्या गिअरमध्ये हजार फेऱ्यांना सुमारे २९ किलोमीटर वेग मिळतो. त्या कॅमला जाग येई ती ३५०० च्या पुढे, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरला. इंग्लंडमध्ये मोठ्या रस्त्यावरही ७० मैलांच्या, म्हणजे ११३ किलोमीटरच्या वर जाता येत नाही. वरच्या गिअरमध्ये ते फेरे होतात ३९०० च्या आसपास! गावात तर गाडी धक्के देऊ लागली, सिग्नलपाशी थरथरत उभी राहू लागली, प्लग काळे पडू लागले. त्याच्या पत्नीने त्या गाडीत बसणे सोडले. मुले मोठी झाल्यावर दोघांनी रविवारी हिंडावे म्हणूनच ती गाडी ठेवली होती, हे मला नंतर कळले. ते मी आधी विचारायला हवे होते.

ह्या इंजिनात आणखी एक खोड आहे. पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरला मिश्रण येण्याची वाट एकच, तिसऱ्या व चौथ्याला दुसरी. पेटण्याचा क्रम १, ३, ४, २. त्यामुळे दुसऱ्याचे पोट पुरते भरण्यापूर्वीच पहिल्याची झडप उघडते आणि त्याच्या ताटातले ओढू लागते. तीच गत तिसऱ्याची चौथ्याकडून. मूळ कॅमवर ही ओढाताण १६ आणि ५६ मिळून ७२ अंश चालते. झडप ३० अंश आधी उघडून ७० अंश उशिरा मिटवा, म्हणजे ती शंभर अंशांवर जाते. चार स्वतंत्र वाटा असलेल्या इंजिनाला जो कॅम शोभतो, तो येथे शोभेलच असे नाही.

निरनिराळ्या कारागिरांचे अंशही आंधळेपणाने ताडून पाहू नयेत. कोणी झडप किंचित हलल्यापासून मोजतो, कोणी एका इंचाचा विसावा भाग टॅपेट उचलला गेल्यावर मोजतो. एकच दांडा दोन मापांनी मोजला तर आकड्यांत सहज चाळीस-पन्नास अंशांचा फरक पडतो.

शेवटी स्नेह्याने २७० अंशांच्या आतला, थोडी अधिक उचल असलेला कॅम घेतला. उचल वाढली म्हणून स्प्रिंगा पुरत्या दाबल्या जाऊन वेटोळ्याला वेटोळे भिडत नाही ना, हे तपासले. टॅपेट नवे घातले. जुन्या टॅपेटांवर नवा कॅम चालवणे म्हणजे दोन्हींचा नाश. अंशांची तबकडी लावून झडपांची वेळ जुळवली, कारण साखळी व दातेरी चाके बसवताना चार-पाच अंशांची चूक सहज राहते. जस्त व फॉस्फरस भरपूर असलेले तेल ओतले, आणि पहिली वीस मिनिटे इंजिन २००० फेऱ्यांच्या खाली येऊ दिले नाही. ह्या इंजिनात कॅमच्या उंचवट्यांवर तेल पडते ते मुख्यतः क्रँकशाफ्टने उडवलेले. इंजिन मंद ठेवले तर ते पुरेसे उडत नाही, आणि नवा कोरा उंचवटा पहिल्या दिवशीच झिजू लागतो.

गेल्या महिन्यात त्याचे पत्र आले. जागच्या जागी इंजिन किंचित गुरगुरते, पण थांबत नाही. घरामागची चढण आता तिसऱ्या गिअरमध्ये चढते. शर्यतीचा तो दांडा तेल लावून, कापडात गुंडाळून त्याने गॅरेजच्या भिंतीवर छत्र्यांशेजारी टांगला आहे, आणि पुढच्या भेटीत मी तो परत न्यावा असे कळवले आहे.