ऋण कुणाचे, दार कुणाचे?

(पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील पतसंस्थांचे संचालक आणि वसुली कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'वसुली' हा शब्द कानावर पडताच समोरचा माणूस सावरून बसतो. मी मात्र आज वसुलीची बाजू घेऊनच बोलणार आहे. पतसंस्थेने दिलेले कर्ज संचालकांच्या खिशातून आलेले नसते. निगडीतल्या कुणा निवृत्त फिटरची ठेव, भोसरीतल्या कुणा विधवा भगिनीची पिग्मी यांतून ते उभे राहिलेले असते. पिंपरीतील सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द केला, तेव्हा ठेवीदारांना निदान पाच लाखांपर्यंतच्या ठेवविम्याचा आधार होता. पतसंस्थेच्या ठेवीदाराला तोही नसतो. म्हणून थकबाकीदार वृद्ध आहे एवढ्यावरून 'जाऊ द्या' म्हणणे, ही दुसऱ्या वृद्धाच्या पैशांवर केलेली दया ठरते. वसुली झालीच पाहिजे. प्रश्न आहे तो ती कुणाकडून, किती आणि कशी, हा.

आपल्या या पट्ट्यातला वृद्ध कर्जदार कोण आहे, हे आधी पाहिले पाहिजे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि सातारा, खानदेश, मराठवाड्यातून तरुण माणसे येथे आली. त्यांनी घरे बांधली, मुलींची लग्ने केली, त्यासाठी कर्जे काढली आणि एकमेकांना जामीन राहिली. जेवणाच्या सुट्टीत कुणी कागद पुढे करी, दुसरा हात पुसून सही करी. ती सही मैत्रीची असे. तिचा कायदेशीर अर्थ कुणी समजावून सांगत नसे. आज हीच माणसे निवृत्त आहेत. कामगारांच्या निवृत्तिवेतन योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान रक्कम ठरली, ती दरमहा एक हजार रुपये! आपला हप्ता मागताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

माझे वडील अशाच एका सहीचे धनी होते. सहकाऱ्याचे कर्ज थकले आणि एका रविवारी सकाळी संस्थेची जीप आमच्या चाळीसमोर उभी राहिली. चार माणसे उतरली. त्यांनी दार वाजवले नाही. अंगणात उभे राहून वडिलांचे नाव आणि थकबाकीचा आकडा मोठ्याने पुकारला. संस्थेचे नाव मी घेत नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मुदतठेव मोडून पैसे भरले. संस्थेच्या दृष्टीने ती यशस्वी वसुली होती. आमच्या दृष्टीने काय झाले, तर तीस वर्षे संध्याकाळी कट्ट्यावर बसणारा माणूस त्यानंतर कट्ट्यावर गेला नाही. मूळ कर्जदार त्या वेळी चाकणच्या एका कारखान्यात नियमित पगारावर होता, हे आम्हाला पुढे कळले. त्याच्या दारी कुणी गेलेच नव्हते. म्हातारा घरी सापडतो, भांडत नाही आणि अब्रूला भितो. म्हणून आधी त्याच्याकडे जायचे!

येथे कुणी म्हणेल, कायदा आमच्या बाजूने आहे. आहेच. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि संस्था थेट त्याच्याकडे जाऊ शकते. परंतु जाऊ शकते म्हणजे आधी तिथेच गेले पाहिजे, असे नव्हे.

आणि जेथे जामिनकीची सहीच नाही, तेथे काय? मुलाने भ्रमणध्वनीवरून घेतलेल्या कर्जासाठी आज बापाला धमकीचे फोन येतात. आपल्या धर्मशास्त्राने पित्याचे ऋण फेडण्याचे कर्तव्य पुत्रावर टाकले होते. याच्या उलट, पुत्राचे ऋण कुटुंबासाठी काढलेले नसेल तर पित्यावर त्याचे बंधन नाही, हे याज्ञवल्क्यस्मृती स्पष्ट करते. वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर, त्यापुढील कर्जांबाबत, पुत्राचे ते जुने धार्मिक दायित्वही न्यायालयांपुरते संपले. वारसाला जबाबदार धरता येते ते त्याच्या हाती आलेल्या मिळकतीपुरतेच. नवऱ्याचे दिवसकार्य चालू असताना विधवेपुढे कागद ठेवणाऱ्याला हे ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही तो सांगत नाही.

व्याजाबाबतही आपली परंपरा सावध होती. एका वेळी मागावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक नसावे, हा दामदुपटीचा नियम. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. दंडव्याज, नोटिसीचा खर्च, जीपभाडे असे चढत चढत मूळ रक्कम ओळखू न येणाऱ्या खात्यांनी हा नियम एकदा आठवावा. १२ मे १८७५ रोजी याच पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. पुढे १८७९ च्या कायद्याने दख्खनच्या शेतकऱ्याची कर्जापायी होणारी कैद बंद केली आणि १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. सावकाराला पर्याय म्हणून आलेली ही चळवळ आहे. तिच्या वसुलीत सावकाराचा आवाज यावा, हे मला अधिक बोचते.

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बँका व वित्तसंस्थांना बजावले होते, की सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन नकोत, चारचौघांत अपमान नको, कुटुंबीयांना व मित्रांना त्रास नको. पतसंस्था सहकार खात्याच्या देखरेखीखाली असल्याने ते परिपत्रक आपल्यासाठी नव्हते. पण त्यातले कोणते वाक्य आपल्याला अडचणीचे आहे? सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवण्याचा अधिकार आपल्याला आहे. ज्याच्या हाती दाखला आहे, त्याला आरडाओरडीची गरज पडू नये. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांवर जप्ती आणता येत नाही. तशी खोटी धाक घालणे ही फसवणूकच आहे.

आळंदी रस्त्यावरील एका लहान संस्थेचा वसुली कारकून माझ्या परिचयाचा आहे. वृद्धाकडे जाताना तो एकटा जातो, दुपारची झोप संपल्यावर जातो आणि मोठ्या अक्षरांतला खातेउतारा सोबत नेतो. एका आजोबांनी उताऱ्यावर बोट ठेवून विचारले, "दिवाळीआधी भरलेले दोन हजार यात कुठे आहेत?" आजोबांनी ट्रंकेतून पावती काढून दाखवली. कारकून परत गेला, चूक दुरुस्त केली आणि चार दिवसांनी नवा उतारा घेऊन पुन्हा त्या जिन्याने वर चढला. आजोबांनी आधी त्याला पाणी दिले, मग विचारले, "पेन्शन सात तारखेला जमा होते. आठला येशील का?" त्या महिन्यापासून तो आठ तारखेला जातो.