पेशीचा उंबरठा



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गतकाळाचे स्मरण करण्याची प्रथा आहे. मी मात्र आज आपणांस डोळ्यांना न दिसणाऱ्या एका उंबरठ्याविषयी सांगणार आहे. विषय विज्ञानाचा असला, तरी त्याचा परिचय स्वयंपाकघरातच होतो.

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्याच वेळात पाणी सुटते. हे पाणी येते कोठून? रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात लहान लहान कप्पे पाहिले आणि त्यांना ‘सेल’ हे नाव दिले. आपण त्यांना पेशी म्हणतो. प्रत्येक जिवंत पेशीभोवती एक अत्यंत तलम पटल असते. त्यातून पाणी सहज ये-जा करते. मिठाला तशी मोकळीक नसते. जिकडे क्षार अधिक, तिकडे पाणी ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. फोडींतील पाणी बाहेर येते ते याच नियमाने.

भाताचे रोपही याच नियमावर जगते. मुळाच्या पेशींतील रसात विरघळलेली द्रव्ये जमिनीतील पाण्यापेक्षा अधिक असतात, म्हणून पाणी आत शिरते. हे पारडे उलटले म्हणजे काय होते, ते आपल्या कावेरीच्या मुखाकडील प्रदेशाने पाहिले आहे. १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच असलेल्या नागपट्टणम भागात २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी हजारो संसार धुऊन नेले आणि खारे पाणी शेतांत शिरले. मुळाशी पाणी असूनही रोपांना ते पिता येईना. गोड्या पाण्याने क्षार धुऊन निघेपर्यंत अशी जमीन पिकाला पारखी होते.

परंतु पेशी केवळ बाहेरच्या परिस्थितीच्या स्वाधीन नसते. आपल्या शरीरातील पेशींच्या पटलात एक पंपच बसविलेला असतो. तो सोडियमचे ३ कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ कण आत घेतो. हे काम अहोरात्र चालते आणि अन्नातून मिळालेल्या शक्तीचा मोठा वाटा त्यावर खर्च होतो. तो पंप कायमचा थांबला की आतबाहेरचा भेद हळूहळू मिटतो. आणि तो मिटणे हाच पेशीचा मृत्यू.

उपमा फार ताणू नये, हे मी जाणतो. तरीही तंजावरात हा विचार टाळता येत नाही. १८५५ साली येथील मराठी राज्य खालसा झाले. १८०३ साली सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या मंदिरात कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही तेथे आहे. पण शिला भाषा जपून ठेवते, बोलत नाही. येथील घराघरांतून मराठी टिकली ती दारे बंद करून नव्हे. तमिळ शब्द, तमिळ चवी, तमिळ शेजार आपण आनंदाने आत घेतला आणि तरीही आपले बोलणे आपले राहिले. बंद पेशी उपाशी मरते. आणि जिचे पटल फाटते, तीही जगत नाही.

मात्र हे आपोआप घडत नाही. नातवंडाने तमिळमध्ये किंवा इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नाला आजीने मराठीत उत्तर द्यावयाचे, हा रोजचा खर्च आहे. मंडळाने पन्नास वर्षे तो उचलला. पुढची पन्नास वर्षे तो घराघराने उचलावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.