क्रीडा-व्यवस्थापनाची पदवी



क्रीडा-व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणाचे नाव मुलाने काढले की आपल्या घरांत चिंता पसरते. खेळाला पदवी कशाला, असा प्रश्न येतो. परंतु ही विद्या खेळण्याची नसून खेळविण्याची आहे.

१९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीस जाण्यासाठी वर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर ७,००० रुपयांसाठी स्वतःचे घर गहाण ठेवले! कांस्यपदक आले, पण ते व्यवस्थेच्या बळावर नव्हे. प्रवासखर्च, प्रायोजक, सराव, करारमदार यांचा मेळ घालणारा जाणकार तेव्हा त्यांच्यापाशी नव्हता. अमेरिकेत ओहायो विद्यापीठाने १९६६ मध्ये या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. आज पुण्यातही सिंबायोसिसमध्ये तो शिकता येतो.

मात्र शुल्क भरण्यापूर्वी प्रत्यक्ष काम कोठे करावयास मिळेल, हे अवश्य विचारावे. (मी कला शाखेचा पदवीधर, हिशेब कचेरीतच शिकलो.) मुलाने आधी येथील दसऱ्याच्या कुस्त्यांच्या संयोजकांकडे राबून पाहावे. वजने घेणे, जोड्या लावणे, गर्दी आवरणे यांत त्याचे मन रमले, तर पालकांनी आडकाठी करू नये.