बीजगणिताची वाट आणि सोबतीचा हात
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



दान चार प्रकारचे सांगितले आहे : आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. त्यांपैकी शास्त्रदान म्हटले की ग्रंथ छापून वाटणे एवढेच बहुधा डोळ्यांसमोर येते. परंतु कुडाळसारख्या गावात शास्त्रदानाचे आणखी एक क्षेत्र आहे आणि तिकडे लक्ष क्वचितच जाते. ते क्षेत्र म्हणजे घरी बसून एकट्याने दहावीचा अभ्यास करणारी मुले-मुली.

काही कारणाने शाळा सुटलेल्यांसाठी राज्य शिक्षण मंडळाने सतरा नंबरच्या अर्जाची वाट खुली ठेवली आहे. खाजगीरित्या बसणाऱ्या विद्यार्थ्याला संपर्क केंद्र म्हणून एक शाळा मिळते. २०१२ साली रत्नागिरीला कोकण विभागीय मंडळ सुरू झाले, त्यामुळे सिंधुदुर्गवासीयांची कोल्हापूरची खेपही वाचली. बालभारतीची पुस्तके आज मोबाईलवर विनामूल्य मिळतात. अर्ज आहे, पुस्तक आहे. नसतो तो विचारायला माणूस. इतिहास वाचून समजतो, मराठी वाचून समजते. बीजगणितात मात्र एक पायरी निसटली की पुढचे पान बंद होते. दिवसभर दुकानात बसून रात्री वही उघडणारा मुलगा, अथवा नेरूर-माणगावकडून शेवटच्या एस.टी.च्या आधी घरी परतावे लागणारी मुलगी, त्याच एका पानाशी महिनोन्‌महिने अडून राहते. एका विषयाने दहावी अडते आणि दहावीने आय.टी.आय., नर्सिंग, नोकरी असे सारेच अडते.

या विषयाशी जैन परंपरेचे नाते जुने आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ साली तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. त्यातील उंटांचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. कळपाचा चौथा भाग अरण्यात दिसला, कळपाच्या वर्गमुळाच्या दुप्पट उंट डोंगराकडे गेले आणि पंधरा उंट नदीकाठी उरले; तर एकूण उंट किती?

एकटा शिकणारा विद्यार्थी पुस्तकी सवयीने कळपालाच ‘क्ष’ मानतो. मग क्ष चे वर्गमूळ समोर उभे राहते आणि तो थांबतो. अशा वेळी दोन प्रकारची मदत करता येते. उत्तर छत्तीस आहे असे सांगून सगळी रीत वहीत उतरवून देणे, ही पहिली. तिने उदाहरण सुटते, विद्यार्थी मात्र तेथेच राहतो. दुसऱ्या प्रकारात मदतनीस आधी वही पाहतो, कोठवर आलास हे विचारतो आणि एकच प्रश्न टाकतो : “कळपाऐवजी त्याच्या वर्गमुळालाच क्ष मानले तर?” कळप मग क्ष² होतो आणि समीकरण सरळ होऊन ३क्ष² – ८क्ष – ६० = ० असे येते. पुढे – ८क्ष ची फोड कशी करायची? ज्यांचा गुणाकार – १८० आणि बेरीज – ८ आहे, अशा संख्या शोधायच्या. त्या – १८ आणि + १०. त्यावरून क्ष = ६ मिळतो. दुसरे मूळ ऋण येते. संख्येचे वर्गमूळ येथे धन मानलेले असल्यामुळे ते सोडावे लागते. कळप ३६ उंटांचा; ९, १२ आणि १५ मिळून ताळा जमतो. ताळा पाहण्याची ही सवय व्यापारी घरांना कोणी शिकवायला नको. रोजमेळ जुळल्याखेरीज दुकानाचे दार लावायचे नाही, ही रीत आणि उत्तर समीकरणात घालून पाहण्याची रीत एकच आहे.

व्यापारी पेठेने गणिताला आधार दिल्याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. चाळीसगावजवळील पाटणच्या इ.स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. त्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरील कराचे उत्पन्न मठाला लावून दिले होते. शिकणाऱ्याला जागा आणि शिकवणाऱ्याला आधार मिळावा, ही सोय त्या काळी बाजाराच्या उत्पन्नातून झाली.

अलीकडचे उदाहरण कुंभोजला जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांचे. त्यांचे स्वतःचे शालेय शिक्षण पुरे झाले नव्हते. तरी साताऱ्यात शिकवण्या घेऊन ते ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखले गेले आणि १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था उभारली. शिकवणाऱ्याकडे मोठी पदवी असावीच असे नाही, हे या चरित्रावरून दिसते. दहावीचे बीजगणित येणारा बारावीचा विद्यार्थी, निवृत्त शिक्षक किंवा जमाखर्चात मुरलेला व्यापारी, कोणीही ही सोबत करू शकतो.

ट्रस्टच्या पन्नासाव्या वर्षात यासाठी नवी इमारत नको. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खोली, एक फळा, दोन-तीन जाणकार आणि एक शंकावही पुरेल. ज्याला यायला जमत नाही, त्याने अडलेले उदाहरण आपल्या अर्धवट प्रयत्नासह वहीत लिहून पाठवावे. जाणकाराने चूक झालेल्या ओळीखाली खूण करावी आणि पुढची एकच पायरी सुचवावी. बाकीचे विद्यार्थ्याने सोडवावे. सतरा नंबरचा अर्ज भरताना समाजाचा असो वा नसो, प्रत्येक मुलाला या खोलीचा पत्ता सांगावा.

बीजगणिताची भीती ही बहुतेक वेळा एकटेपणाची भीती असते. ती घालवणाऱ्याच्या हातून शास्त्रदान आणि अभयदान ही दोन्ही दाने एकाच वेळी घडतात. फळा आणि खडू यांचा खर्च थोडा आहे. संध्याकाळचा एक तास देणारी माणसे तेवढी आज या सभागृहातून पुढे यावीत.

जय जिनेंद्र.